छाटलेला कौल

जाधवमळा, ता. तासगाव
९ फेब्रुवारी २०२६

अंकिता,

नावाच्या आधी काय लिहायचं या विचारात माझा सकाळचा चहा गार झाला. 'सौ.' लिहिता येत नाही आणि दुसरं जे लिहायला पाहिजे ते लिहायला हात तयार नाही. तेव्हा नुसतंच नाव लिहिलं. पावणेचार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. फौजेत होतो तेव्हा अठरा वर्षं घराशी पत्रानंच बोललो, मला सवय आहे. तुझा विश्रामबागचा पत्ता लोणंदला तुझ्या भावाकडून काढून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी फारच मागे लागलो होतो.

कामाचं सांगतो. तुझं ते काश्मिरी लायलॅक फुललं.

चेष्टा नाही. आपल्या जयराजनं सुट्टीवर येताना श्रीनगरहून रेल्वेत मांडीवर धरून आणलेलं रोप पाण्याच्या टाकीमागे, उत्तरेच्या सावलीत लावलं होतं ना, तिथंच फुललंय. बुटकं वाण आहे, कमरेच्या वर जात नाही, असं तो म्हणायचा. नऊ वर्षांत माझ्या कमरेलाही लागलं नाही. यंदा डिसेंबरात थंडी अशी पडली की बागेतले घड फुगायचे थांबले. ह्याची मात्र सगळी पानं झडली, आणि परवा बघतो तर शेंड्यांना चार तुरे. काळ्या द्राक्षावर लव असते तसला धुरकट जांभळा रंग. आणि वास असा की टाकीजवळून जाताना माणूस थांबतोच.

तू ह्या झाडापायी काय काय केलंस ते मी विसरलो नाही. हिवाळ्यात डेअरीतून बर्फ आणून मुळाशी पसरायचीस. सगळी वस्ती हसायची, मीही हसायचो, 'आमची सूनबाई झाडाला आइस्क्रीम चारतीया.' उन्हाळ्यात त्याच्यावर शेडनेट. एवढी चाकरी माझ्या बागेची झाली असती तर द्राक्षं विलायतेला गेली असती. तरी झाडाला एक फूल आलं नाही, आणि त्याला कारण मी, असं तुझं म्हणणं.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. आम्ही द्राक्षवाले. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. छाटल्याशिवाय काडीला माल येत नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. हातात कात्री असली की समोर येईल ती काडी कापायची. काश्मीरच्या झाडाची रीत वेगळी असते हे आम्हाला कुठून ठाऊक? सवयीनं हात गेला. दुसरं काही नव्हतं.

एकदा ये आणि बघून जा. फुलं आठ-दहा दिवस टिकतील असं दिसतं. तुझ्या सासूलाही बरं वाटेल.

हंबीरराव

जाधवमळा
१७ फेब्रुवारी २०२६

अंकिता,

उत्तर आलं नाही. बाळासो पोस्टमन म्हणतो, सांगलीला पत्र दोन दिवसांत पोचतं. म्हणजे तुला मिळालं, तू वाचलंस आणि ठेवून दिलंस. असो. मागच्या पत्रात मीही सगळं लिहिलं नव्हतं.

तुझी सासू ठीक नाही. दोन वर्षांपासून विसरते. चुलीवर दूध ठेवून शेताकडे निघून जाते. मधेच माझ्याकडे टक लावून बघते आणि विचारते, 'सायेब, तुमची सुट्टी कवा संपती?' मी म्हणतो, मनू, मी पेन्शनीत निघून तीस वर्षं झाली. मग हसते. ह्या सगळ्याची आम्हा दोघांना सवय झाली होती. पण फुलं आल्यापासून तिचं मन एकाच जागी अडकलंय. तिला वाटतं, कौल आला.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला ते लिहून काढल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. २०२०च्या सप्टेंबरात जयराज सुट्टीवर होता. फौजेतल्या नोकरीची सतरा वर्षं भरत आली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं, की दोन वर्षं वाढवून घ्यायची? तुला तो घरी हवा होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता, आणि वर्षातून दोन महिने नवरा दिसला तर तो हलणार कसा, हे तुझं बोलणं मी भिंतीआडून ऐकलं होतं. मला तो हवालदार व्हायला हवा होता. मी नाईक म्हणून घरी आलो. आपल्या वस्तीत प्रत्येक फाटकावर पाटी आहे, नाव आणि हुद्दा. शेजारच्या लालासाहेबाच्या पाटीवर सुभेदार लिहिलंय, रोज दूध घालायला जाताना मला ते वाचावं लागतं.

तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी तुझी सासू म्हणाली, 'भैरोबाला कौल लावा आन् मिटवा एकदाचं.' त्यावर जयराज हसला. टाकीपाशी पाय धूत होता. म्हणाला, 'देवाला कशापायी मधी घालताय? ह्या झाडाचाच कौल लावूया की. शिवरात्रीपातूर फुललं तर पेन्शनीचा कागद टाकतो. न्हाई फुललं तर दोन वर्सं राहतो.' तू 'चालेल' म्हणालीस. मीही म्हणालो. वर शहाणपण शिकवलं, 'बोललास तवा कौल लागला. आता त्येला कुणी हात लावायचा न्हाई.' बारा वर्षं भैरोबाच्या पायरीवर बसून लोकांचे कौल बघितलेला माणूस मी. देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या की गुरव मागे सरतो, आम्ही गाभाऱ्यातला पंखासुद्धा बंद करतो. वाऱ्यानं पाकळी पडली तर तो कौल धरत नाहीत.

तर आता तुझी सासू अंगण झाडून घेते आणि म्हणते, 'फुललं न्हवं? आता त्यो कागद टाकणार.' त्याची काळी ट्रंक तिनं उघडली. आपण कधी उघडली नव्हती. त्याचे शर्ट काढून दोरीवर उन्हाला घातलेत. वाऱ्यानं बाह्या हलतात आणि मी तिकडं बघायचं टाळतो.

गुरुवारी दुपारी जेवायला बसलो तर तिनं तीन ताटं घेतली. तिसऱ्या ताटाशी बोलत होती, आमटी हवी का, भाकरी कडक झाली का. मी ओरडलो. तिनं माझा हात धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, 'आवं, हळू बोला. त्यो इचारतोय, आबा माज्यासंगं का बोलत न्हाईत?'

मी ताट तसंच सारून उठलो.

आणखी सांगतो, हसायचं तर हस. झाड घरापासून चाळीस पावलांवर आहे. जयराजच्या खोलीची खिडकी मी स्वतः बंद करतो. तरी त्या खोलीत दुपारचा तो वास भरलेला असतो. हिनं फुलं तोडून आणली असतील म्हणून मी गादीखाली, कपाटात, ट्रंकेत बघितलं. बाहेर जाऊन मोजले. चारी तुरे झाडावर. परत आत आलो तर वास मघापेक्षा जास्त. फाटकाची कडी रोज साडेचारला वाजते. साडेचारच्या गाडीनं तो यायचा. पहिले तीन दिवस मी उठून बघितलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आता कडी वाजली की मी दाराकडे पाठ करून बसतो. पासष्टच्या वर वय झालं, सीमेवर राहून आलो, पण खरं सांगतो, मला भीती वाटते. कुणी नसेल याची वाटत नाही. असेल याची वाटते.

शिवरात्रीला तिनं उपास धरला तो अजून सोडला नाही. नुसता चहा घेते. म्हणते, 'अंकी दारात पायजे. तिच्याबिगर त्यो उंबऱ्याच्या आत यायचा न्हाई.' मी सांगून बघितलं, लेकीसारखी समजूत घातली, भांडलोही. ती माझं ऐकत नाही. तू आलीस तर दोन घास खाईल. माझ्यासाठी येऊ नकोस, तिच्यासाठी ये.

हंबीरराव

जाधवमळा
२५ फेब्रुवारी २०२६

अंकिता,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'आत्यांना डॉक्टरांना दाखवा. फुलं तोडून टाका म्हणजे वास थांबेल, कात्री लावायची तुम्हाला सवय आहेच.'

बरोबर लिहिलंस. मला लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या, सलाईन लावलं, म्हणाले, तिच्या म्हणण्याला विरोध करू नका. घरी येऊन दुसऱ्या दिवशी तुझं दुसरं सांगणंही करायला घेतलं. सकाळचे दहा वाजले असतील. बागेतली कात्री घेतली आणि टाकीमागं गेलो. तुरे आता फिके पडत चाललेत, पण वास तसाच. पहिल्या तुऱ्याला कात्री लावली तेवढ्यात मागून आवाज आला.

'परत छाटताय व्हय?'

तुझी सासू उभी होती. डोक्यावर पदर, चेहरा एकदम शहाणा. मी म्हणालो, परत म्हणजे? 'मागं छाटलासा तसं.' मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, 'त्यो म्हणला,' आणि टाकीच्या कठड्याकडे बोट केलं. तिथं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. मग ती आत निघून गेली, आणि पाच मिनिटांनी मला विचारायला आली की सायेब, चहा ठेवू का.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकी दिसते. पाच वर्षांपूर्वी तिनं बघितलं असेल आणि मनात ठेवलं असेल, असं मी स्वतःला समजावतोय. पण कात्री अजून तिथंच पडलीय. आता लपवून काही उपयोग नाही. ती दोघं माझ्या घरात माझ्याबद्दल बोलतात, मग तुलाच तेवढं कशाला अंधारात ठेवू?

अंकिता, सवयीनं हात गेला नव्हता.

पहिली तीन वर्षं मी अडाणीपणानं छाटलं, ते खरं. पण त्या वर्षी, श्रावणात, तू श्रीनगरच्या नर्सरीवाल्याशी फोनवर बोललीस आणि आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलंस: ह्याचे फुलाचे डोळे, म्हणजे कळ्यांचे कोंब, उन्हाळ्यातच जुन्या काडीवर तयार होतात, ऑक्टोबरला छाटलं की पुढची सगळी फुलं कापली जातात. यंदा कुणी कात्री लावायची नाही. मी मान हलवली होती. मग सप्टेंबरात कौल लागला. दिवाळीला तू भाऊबीजेसाठी लोणंदला गेलीस. बागेची छाटणी संपून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. कात्री पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. ती मी शिडी लावून काढली. सवय माळ्यावर चढत नाही.

आधी नुसतं बघायला गेलो होतो. द्राक्षवाल्याला डोळा कळतो. बारीक, टोकदार असला तर त्यातून पान निघणार, गुबगुबीत असला तर त्यात घड आहे. त्या झाडाच्या प्रत्येक शेंड्याला दोन-दोन गुबगुबीत डोळे होते. तुझा बर्फ कामाला आला होता. झाड फुलणार होतं. जयराज घरी येणार होता.

मी किती वेळ उभा राहिलो सांगता येत नाही. मनात म्हणालो, दोन वर्षं काय, अशी निघून जातील. म्हणालो, पोरांना आपलं भलं कळत नाही. फाटकावरची पाटी डोळ्यासमोर आली. आणि छाटलं. सगळे डोळे गोळा करून बागेच्या छाटणीच्या ढिगात टाकले आणि ढीग पेटवून दिला. तू आलीस तेव्हा सवयीचं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि झाडाकडे गेलीस. मला वाटलं, पटलं.

शिवरात्रीला त्याचा फोन आला. 'आबा, न्हाई फुललं. राहतो दोन वर्सं.' मी वस्तीत पेढे वाटले. त्यानंतर चौदा महिन्यांनी दरड कोसळून त्याची गाडी खाली गेली. कागद टाकले असते तर त्याच्या आधीची दिवाळी त्यानं घरात केली असती.

आणि तेराव्याला, पै-पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, मी तुला काय बोललो? 'तुज्या झाडानं माजा लेक खाल्ला.' तू कौल लावलास, तूच होय म्हणालीस, असंही बोललो. तू पिशवी भरलीस आणि गेलीस. तुला जाताना बघून मला बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो. माझं पाप तुझ्या पाठीवर बसून फाटकाबाहेर चाललंय असं वाटलं. ते चार दिवसांत परत आलं.

माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही. एवढंच सांगायचंय की तू होय म्हटलेल्या कौलापायी तो गेला असं तू मनाला लावून घेतलं असशील, तर घेऊ नकोस. कौल मी मोडला. देवाचा पंखा बंद करणाऱ्या माणसानं मोडला.

हिच्यासाठी ये. गोळ्यांनी झोपते, पण जेवत नाही.

हंबीरराव

विश्रामबाग, सांगली
२ मार्च २०२६

मामा,

रविवारी येते. आत्यांना आजच सांगा, म्हणजे त्या खायला लागतील. त्या म्हणतील तिथं आणि म्हणतील तितका वेळ दारात उभी राहीन. तो आला नाही तर त्यांना काय सांगायचं, ते माझं मी बघेन. कॉलेजच्या लायब्ररीतून चार दिवसांची रजा घेतली आहे. गरज पडली तर त्यांना इकडे घेऊन येईन.

तुमचं शेवटचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला वाटतं, तुम्ही मला काहीतरी नवीन सांगितलंत. मी भाऊबीजेहून परतले त्याच दिवशी मला ते कळलं होतं.

तुम्ही म्हणालात, सवयीनं हात गेला. मी झाडापाशी गेले. वरचे शेंडे छाटलेले होते, ते समजू शकते. पण मागे, टाकीच्या भिंतीकडे वळलेल्या तीन बारीक काड्या होत्या, जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यांचेही शेंडे छाटलेले होते. तिथवर कात्री न्यायला माणसाला जमिनीवर बसावं लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही देवाच्या पायरीवर जाणं सोडलं होतं, जेवायला घरात टेबल आणलं होतं. टाकीमागच्या ओल्या मातीत तुमच्या बसण्याची खूण होती. पुढे दोन्ही हातांचे पंजे उमटले होते, उठताना टेकलेले. दोन-तीनदा उठायचा प्रयत्न केला असावा, कारण पंजे तीन जागी होते.

मी तेव्हाच जयराजना फोन लावला. मी रडत होते, ओरडत होते. म्हणाले, कौल मोडला, आता तुमच्या वडिलांना विचारा आणि सरळ घरी या. जयराजनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'आबा खाली बसलं व्हतं?' मी हो म्हणाले. 'एकलंच? उठवाय कोन न्हवतं?' मी म्हणाले, तुम्हाला त्याचं पडलंय? तर ते हसले, आणि हसताना त्यांचा आवाज कापला. म्हणाले, 'म्हंजी आबास्नी लयच पायजे हाय गं. जाऊ दे. भरतो दोन वर्सं.'

शिवरात्रीपर्यंत मी रोज भांडले. त्यांनी ऐकलं नाही. उलट माझ्याकडून शपथ घेतली. 'मला ठावं हाय, ह्ये आबास्नी कळाय नगं. माज्या म्होरं त्यांची मान खाली जाईल.' तुम्हाला फोन करून जे 'न्हाई फुललं' म्हणाले ना, ते सगळं माहीत असताना म्हणाले. तुम्ही पेढे वाटल्याचंही त्यांना मीच सांगितलं. ते खूष झाले.

तेराव्याला तुम्ही मांडवात बोललात तेव्हा हे माझ्या ओठांवर आलं होतं. चार शब्दांत तुम्हाला तिथंच गाडता आलं असतं. शपथ होती म्हणून गिळलं. तुमच्या घरात राहून ते रोज गिळणं जमलं नसतं, म्हणून मी गेले. तुम्हाला वाटलं, तुमच्या बोलण्यानं गेले.

आता तुम्हीच कबूल केलंत. शपथ मोडली का नाही मला समजत नाही, पण हे एकटीनं पुढे नेण्याची ताकद आता नाही. त्यांनी झाडाचा कौल मानलाच नव्हता, मामा. तुमचा मानला.

रविवारी मला काही समजावू नका, रडू नका, मला पाया पडायला लावू नका. मी आत्यांजवळ बसेन. तुमच्यावर माझा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. तरी तुमच्यावर निदान रागावता येतं. समोर आहात, बोलता येतं, भांडता येतं. ते सगळं जाणून गेले. त्यांच्यावर मी कुठं जाऊन रागावू?

अंकिता